मंदाच्या डोळ्याची राखण

डॉ. वनमालाबाई सरकटे मला पहिल्यांदा भेटल्या त्या धाड गावच्या बाजाराच्या दिवशी. तिथे त्या डोळे तपासायला बसत असत. माझी लेक मंदा तेव्हा अंगणवाडीत जायची. खेळताना खाटेची कड लागली आणि तेवढ्यानेच तिचा उजवा डोळा फुटला. टाके घातले, ते धरले नाहीत, डोळा गेला. उरलेला डावा कसा वाचवायचा, हे कोणी सांगत नव्हतं. बाईंनी बॅटरीच्या उजेडात तो नीट पाहिला. बुबुळाभोवतीचं पांढरं निळसर दिसत होतं. मग मान वर करून मलाच विचारलं, "नवरा नात्यातला हाये काय तुहा?"

"हाव. सख्ख्या आत्याचा पोरगा."

"असं."

मी आधीच रांगेत उभी राहून तापलेली. म्हटलं, "बाई, तुमी डोये पाह्यता का सोयरिक?"

"दोनी पाहून राह्यली," बाई म्हणाल्या. "बस खाली."

मोठ्या डॉक्टर असून त्या आमच्या रोहिणखेडच्या बोलीत बोलल्या. मला त्यांचं ते पहिल्याच दिवशी पटलं.

त्यांनी आमचं रक्त शहरात तपासायला पाठवलं. उत्तर आलं तसं मला निरोप देऊन बोलावलं नाही, जीपने स्वतः आमच्या घरी आल्या. कारण माझी सासू, म्हणजे माझी आत्याच, गावभर सांगत होती की सुनेने ग्रहणात वांगं चिरलं म्हणून पोरीचा डोळा गेला. बाई आत्यासमोर सतरंजीवर बसल्या आणि समजावू लागल्या. माणसाच्या शरीरात एक जनुक आहे, झेडएनएफ ४६९ नावाचं. त्यातून एक प्रथिन बनतं. त्या प्रथिनाला बोटांसारख्या घड्या असतात आणि प्रत्येक घडी जस्ताच्या एका कणाने जागेवर धरलेली असते. डोळ्याचा पुढचा पडदा मजबूत व्हायला हे प्रथिन लागतं. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरीवर निभतं. मंदाकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या, एक बापाकडून, एक माझ्याकडून. आणि आम्हा दोघांकडे ती एकाच घरातून आली.

"म्हंजे माह्या घरातून?" आत्याने विचारलं.

"तुमच्या मायबापातल्या एकाकून. तुमच्याकून तुमच्या पोराले, तुमच्या भावाकून या सुनेले."

"मंग गिरनाचं काय?"

"गिरनाले तुमच्या घरी यायले फुरसत नाही, आत्याबाई."

आत्याने ग्रहणाचा विषय सोडला. पण जस्त हा शब्द तिने बरोबर धरून ठेवला. हगवणीवर आशाताई जस्ताच्या गोळ्या देतात हे तिला माहीत होतं. तिने त्या आणून मंदाला चारायला सुरुवात केली आणि बाईंनी दिलेला न फुटणारा चष्मा पेटीत टाकला. गोळीने डोळा बरा होणार, मग पोरीच्या तोंडावर ते भिंग कशाला? बाईंना कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा कडक झाल्या. "जस्त कमी पडलं नाही. बोटायची घडनच चुकली. गोयीनं घडन बदलत नाही. चष्मा निंगाला अन् मार बसला, तर मी काई करू शकनार नाही." आत्याने स्वतः उठून चष्मा आणून दिला.

त्या दिवसापासून झोपेशिवाय मंदाच्या डोळ्यावरचा चष्मा हलला नाही. शाळेत मास्तरांशी मी भांडले, जत्रेत पोरांशी भांडले. मंदा मोठी झाली तसं भावाने तिला आपल्या पोरासाठी मागितलं. आमच्यात भाचीवर मामाचा हक्क धरतात. मी सरळ नाही म्हटलं. भाऊ अजून बोलत नाही. नाही बोलला तर नाही.

स्थळ बीबी गावचं मिळालं, नात्याबाहेरचं. लग्नात मात्र चष्म्यावरून पुन्हा तेच भांडण. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात आणि नवरदेवाचे दोस्त त्या टाकत नाहीत, नेम धरून मारतात. वऱ्हाडातल्या बाया म्हणू लागल्या, मुंडावळ्या अडकतात, फोटो खराब येतात, घटकाभर चष्मा काढला तर काय होतं. मी म्हटलं, चष्मा निघणार नाही, लग्न राहिलं तरी चालेल. बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी भटजींच्या हातातला माईक घेतला.

"पोरीले एकच डोया हाये. चष्मा राहीन, अन् दाने पन कोनी मारनार नाही. ज्याले नेम धराचाच हाये त्यानं माह्यावर धरावा. मी उभी हावो."

आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत दुखरे गुडघे घेऊन बाई मंदाच्या पुढे उभ्या राहिल्या. दोनचार टवाळांनी दाणे मारलेच. ते बाईंच्या खांद्यावर बसले. नवरदेव मागे वळून दोस्तांवर ओरडला, "बे, समजत नाही काय तुमाले?" जावई चांगला आहे हे मला तिथेच कळलं.

मंदाचा डावा डोळा आज शाबूत आहे. ती आता बाईंसोबत धाडला बसते, निळसर डोळ्यांची लेकरं आली की त्यांच्या आयांना चष्मा दोरीने बांधायला शिकवते. मीही जाते. सोयरिकीचं विचारते, शिव्या खाते, पुन्हा विचारते.

बाईंना पंचाहत्तरावं लागलं. त्यांना खूप मोठं, धडधाकट आयुष्य मिळावं असं त्यांच्या या गौरव अंकात सगळेच लिहितील. माझंही तेच मागणं आहे, पण नुसतं मागून मी घरी बसणार नाही. बाई, गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही पेशंटांच्या नावाने किती दिवस पुढे ढकलणार? या सोमवारी मी आणि मंदा गाडी घेऊन येतो. पिशवी भरून ठेवा.