दोन बशा पेट्रोल

माझ्या पोरीचं लग्न मी एकदा मोडतच आणलं होतं. हुंड्यापायी नाही, मानपानापायी नाही. पेट्रोलपायी! हसा, हसा. चहा सांडू नका म्हणजे झालं.

सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. आमच्या सावली गावात माझी जुनी अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी होती. मूल, गडचिरोली, मार्कंड्याची जत्रा, जिकडे प्रवासी तिकडे आम्ही. गाडी गुणी, पण चढ आला की म्हाताऱ्यासारखी खोकायची. एकदा मागच्या सीटवरचे नागपूरचे साहेब म्हणाले, "साधं पेट्रोल पाजता ना हिला? त्र्याण्णव ऑक्टेनचं टाका. मग बघा कशी पळते!"

ऑक्टेन म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. चौथी शिकलेला माणूस, म्हटलं उगाच हसं कशाला करून घ्या? पण मनात गणित मांडलं. आमच्या झाडीपट्टीत मोहाची दारू कडक की पाणी घातलेली, हे कसं ओळखतात ठाऊक आहे? बशीत ओततात नि काडी लावतात. पहिल्या धारेची असेल तर भडकन पेटते. पाणचट असेल तर नुसती फुसफुसते. मी थेंबाला शिवलो नाही कधी, पण हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. तर माझ्या लेखी त्र्याण्णव म्हणजे पहिल्या धारेचं पेट्रोल. आकडा मोठा, माल कडक. सोपं आहे की नाही?

त्याच सुमारास माझ्या पोरीला, सुजाताला, पाहायला भद्रावतीचे पाहुणे येणार होते. मुलगा तिकडे कारखान्यात गाड्या दुरुस्त करायचा. मी त्याला एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत आंधळ्या आजीजवळ बसून तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होता, स्वतःचं जेवण निवत ठेवून. तेव्हाच ठरवलं, पोर द्यायची तर इथंच.

परतताना पाहुण्यांना आपल्या गाडीनं चंद्रपूरला पोचवायचं होतं. आणि मेकॅनिक जावयासमोर सासऱ्याची गाडी खोकली तर काय इज्जत राहिली, सांगा!

म्हणून आदल्या दिवशी चंद्रपूरच्या पंपावर डबा घेऊन गेलो. पंपवाला माझ्या गाडीकडे पाहून म्हणतो, "काऊन पैसे वाया घालवता, भाऊ? हिले साधंच पुरते."

आता तुम्हीच सांगा, दुकानदार कधी म्हणतो का, महागाचं घेऊ नका म्हणून? मला तिथंच शंका आली. नक्की याच्याकडे अस्सल माल नाही! मी हट्टानं डबा भरून घेतला. त्याच्या हातावरची नजर हलवली नाही. तरी घरी पोचेपर्यंत खात्री झाली, की ह्यानं साधंच पेट्रोल महागाचं म्हणून माझ्या गळ्यात मारलं.

सकाळी उठलो. पाहुण्यांना वेळ होता. घरामागच्या दगडावर दोन बशा मांडल्या. एकीत डब्यातलं, दुसरीत गाडीच्या टाकीतलं. शेजारचा तुळशीराम आलाच. गावातली बातमी दोघांना सांगितल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

"भाऊ, थोडं दूर सरा."

"दुरून काय दिसते? ज्वाला पाह्यली पायजे."

एका बशीला काडी लावायची, मग दुसरीला, असा माझा विचार. बशांनी मला विचारलंच नाही. काडी जवळ नेली मात्र, भप्प! दोन्ही एकदम! आभाळच पेटल्यासारखं वाटलं. मी उताणा.

"कोनतं कडक निंगालं?" तुळशीराम लांबूनच ओरडला.

"दोन्ही सारखंच! फसवलं रे लेकाच्यानं!"

माझ्या दोन्ही भुवया गेल्या होत्या, अर्धी मिशी गेली होती, आणि मी मात्र चोर पकडल्याच्या आनंदात!

तेवढ्यात पाहुणे आधीच्याच एसटीनं येऊन थडकले. मी मागे तोंडावर पाणी मारत होतो. समोर तुळशीरामचा आवाज ऐकू आला.

"या जी, या! हेच घर. भाऊ मांगं हायेत. बशीत वतून, काडी लावून पाहून राह्यले कोनतं कडक हाय ते. चंद्रपूरहून डबाभर आनलं, खास तुमच्यासाठी!"

आता मुलाचे वडील कोण, ते ऐका. पंचशील घेतलेला कडक माणूस. दारूच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, अशी त्यांची ख्याती.

मी गमछा तोंडाला गुंडाळून बाहेर आलो.

"जयभीम. तोंड काऊन बांधलं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"दाढ दुखते जी."

मुलाची आत्या माझ्याकडे रोखून पाहत होती. "दाढ दुखते, तं भुवया कुठी गेल्या?"

"स्टो भडकला, बाई."

खरं सांगायची लाज वाटली हो! आत्या उठली, पाणी प्यायच्या निमित्तानं आत डोकावून आली. "आतमंदी तं चूल हाय. स्टो कुठी हाय?"

माझी बायको दारात उभी होती. तिच्या नजरेपेक्षा ती बशी बरी होती. एवढ्यात तुळशीराम हजर. "भाऊ, तुमच्या बशा मांगंच राह्यल्या!"

मुलाच्या वडिलांनी पाण्याचा गिलास न शिवता बाजूला सरकवला. "चला," म्हणाले.

मग सुजाता बाहेर आली. दाखवायची पोर, मान खाली घालून यायची, ती डबा घेऊन आली!

"बाबा, गमछा काढा." मी काढला. "दारू नाई जी हे. पेट्रोल हाय. पंपवाल्यावर भरोसा नव्हता, म्हनून जाळून पाहून राह्यले होते." आणि तिनं डबा आत्याच्या नाकापुढे धरला. आत्याला ठसका लागला.

मुलगा हसू दाबत म्हणाला, "मामा, काडी लावल्यावर कोनतंही पेट्रोल पेटनारच. मोठा आकडा म्हंजे जास्त जोर नाई. ते आपल्या आपनच, वेळेआधी भडकत नाई, एवढंच. जास्त दाबाच्या इंजिनाले ते लागते. तुमच्या गाडीले साधंच बरं."

"म्हंजे पंपवाला..."

"खरं बोलला."

मुलाचे वडील मला म्हणाले, "जो मानूस तुमचे पैसे वाचवून राह्यला, त्याच्यावरच संशय. उद्या माह्या पोरावर किती घ्याल?"

ते उठले. "विचार करून कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला समजावून सांगावं लागत नाही.

निघण्याआधी सुजातानं उरलेली अर्धी मिशी कात्रीनं साफ केली. मला म्हणाली, "हलू नका, बाबा." मग न शिवलेला तो पाण्याचा गिलास उचलून आत गेली.

महागाचं पेट्रोल टाकीत ओतलं. मूलच्या पुढे चढ लागला, आणि गाडी खोकली! होती तशीच, खणखणीत. मुलगा उतरला, प्लग काढून पुसले, परत बसवले. गाडी गप्प चढली. त्याचे वडील माझ्या शेजारी बसून जंगल पाहत होते.

चंद्रपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवरची बाई माझ्याकडे पाहतच राहिली. एरवी मिशी असलेला माणूस असा भादरलेला दिसला, की आपल्याकडे लोक एकच समजतात. तिनं हळूच विचारलं, "कोन गेलं, भाऊ, घरातलं?"

मी मान खाली घातली. मुलाच्या वडिलांनी चहाचा घोट घेतला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "अक्कल गेली, बाई, त्यांची. आमी सोयरे हाओत. मातीले आलो होतो."

सोयरे! ऐकलंत? सोयरे म्हणाले ते!

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बाई हसता हसता थांबली. तिला वाटलं, गंमत नव्हे, अक्कल नावाची खरंच कोणी गेली असेल. म्हणाली, "लय वय झालं होतं काय जी तिचं?"

डोळे पुसत मी म्हटलं, "नाई, बाई. लहानच होती."