खाऱ्या टबातलं जोडवं

नल्लकुंट्याच्या घरासमोरच्या अंगणात नामदेवरावांनी पन्नास लिटरचा प्लास्टिकचा टब भरला, त्यात पावणेदोन किलो मीठ ओतलं आणि लाकडी काठीनं ढवळायला घेतलं. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "क्या अंकल, अचार डालरे?" नामदेवराव ढवळत राहिले. समुद्र घरापासून रात्रभराच्या प्रवासावर असला की माणसाला तो असा टबातच करावा लागतो.

खरा समुद्र बापटल्याजवळचा, सूर्यलंकेचा. कार्तिकातल्या स्नानाला आठ दिवसांपूर्वी नवराबायको तिथं गेले आणि लाटेनं तारामतीच्या डाव्या पायातलं जोडवं ओढून नेलं. टायफॉइडनं तिची बोटं बारीक झाली होती, दुसरं काही नाही. "जाऊ द्या हो, चांदीचंच होतं," ती म्हणाली. पण घरी आल्यापासून ती बसल्या बसल्या मोकळ्या बोटावरून अंगठा फिरवत राहायची. सासूनं लग्नात घातलेलं जोडवं, एकेचाळीस वर्षं पायातून निघालं नव्हतं. नामदेवराव ते रोज बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी विशाखापट्टणमच्या कुलदीप नावाच्या माणसाकडून पाण्याखाली चालणारा जुना मेटल डिटेक्टर मागवला. अडुसष्टाव्या वर्षी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होता.

कुलदीपची एकच अट होती. पसंत नाही पडला तर तीन दिवसांत परत, पण यंत्राची पेटी उघडायची नाही. उघडली तर कळावं म्हणून पेटीच्या चारही स्क्रूंवर त्यानं लाल रंगाचे ठिपके दिले होते. आत रबराची कडी होती. ती एकदा जागची हलली की पाणी आत शिरणार आणि यंत्र कायमचं जाणार. आज तिसरा दिवस होता. पाच वाजता ते परत न्यायला कुरिअरवाला येणार होता, आणि यंत्र चाललंच तर उद्या संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काढलेली होती. घड्याळात साडेतीन झाले होते.

नामदेवरावांनी सगळं रीतसर केलं होतं. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया यंत्राला भुलवतात म्हणून अंगण निवडलं, लोखंडी टब नको म्हणून प्लास्टिकचा घेतला. खारं पाणी यंत्राला धातूसारखंच भासतं, म्हणून दांड्याच्या टोकाची चकती पाण्यात धरून बटणं दाबत त्याची ओरड हळूहळू शांत केली. मग पाण्याखाली खिळा टाकला. हेडफोनमध्ये घर्र झालं. खिळा काढून तारामतीच्या उजव्या पायातलं जोडवं टाकलं. काहीच नाही.

पुन्हा टाकलं. काही नाही. लोखंडाला ओळखणारं आणि चांदीला न ओळखणारं यंत्र काय कामाचं?

त्यांनी फोन लावला. कुलदीप म्हणाला, "अंकल, चांदी पे तो ये सबसे ऊँची आवाज देता है."

"ऊँची नीची छोडो मियाँ, आवाजच नै आरी! चालीस साल से रेडिओ सुधाररूं मैं, मेरे कानां कू नक्को सिखाओ!"

ही बढाई नव्हती. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानात सेट नुसता लावला की आतला कुठला भाग गेलाय हे ते मीटरच्या आधी कानानं सांगत. लोक कौतुकानं बघायला थांबत, आणि नामदेवरावांना ते थांबलेले आवडत.

फोन आपटून त्यांनी पेचकस उचलला आणि पहिल्या स्क्रूवर टेकवला. लाल रंगाचा टवका उडायचा तेवढा बाकी होता. एवढ्यात तारामतीनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"थांबा. मला द्या ते कानाला."

"तुला काय कळतंय यातलं?"

"द्या की."

तिनं हेडफोन चढवले. त्यांनी चिडून चकती जोडव्यावरून फिरवली. तारामतीनं दचकून डोळे मिटले.

"वाजतंय. कानठळ्या बसाव्यात असं वाजतंय."

समजूत काढते आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "वाजलं की हात वर कर." मग कधी चकती जोडव्यावर नेली, कधी रिकाम्या पाण्यावर, कधी नुसती स्थिर धरली. जोडव्यावरून ती सात वेळा गेली आणि सातही वेळा तारामतीचा हात वर गेला. एरवी तो एकदाही हलला नाही. नामदेवरावांनी चकती बाजूला ठेवली. ते पायरीवर बसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं ते आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले होते.

यंत्रात बारीक आवाजाची पट्टी उतरवून तो जाड करायची सोय होती. त्यांनी हेडफोन पुन्हा चढवले आणि पट्टी थोडी थोडी खाली आणत गेले. सगळ्यात खालच्या पट्टीत जोडवं त्यांना ऐकू आलं. आवाज अगदी स्पष्ट होता.

पाच वाजता तारामती फाटकाशी गेली आणि कुरिअरवाल्याला परत पाठवून आली. नामदेवराव अजून पायरीवरच होते.

"तू रोज दुकानात डबा घेऊन येतेस," ते म्हणाले. "तासभर बसतेस. नीट केलेला सेट लावायला सांगतेस. मला वाटायचं, तुला गाण्यांचा नाद लागला."

तिनं टबात हात घालून जोडवं बाहेर काढलं.

"बारीक शिट्टी राहिलेली असायची त्यात. गिऱ्हाईक तसंच घेऊन गेलं असतं. मग मी म्हणायचे, अजून थोडं फिरवून बघा."

"किती वर्षं?"

"संक्रांतीला तीन होतील."

तीन वर्षं ते गिऱ्हाइकांपुढं कानाची फुशारकी मारत होते आणि ही मागं स्टुलावर बसून ती सांभाळत होती. लाजेनं त्यांचा चेहरा पेटला, आणि लाज आली की त्यांना राग येतोच.

"मला का नाही सांगितलंस?" ते ओरडले.

"सांगितलं होतं," तारामती म्हणाली. "दोनदा. स्वैपाकघरातून. तुम्ही पेपर वाचत होता, वर बघितलंच नाही. मग मला तिसऱ्यांदा धीर झाला नाही."