पाटीची दुसरी बाजू

सुमनबाई गेल्याची बातमी मला वर्गात कळली. फळ्यावर दशांश अपूर्णांकांचा गुणाकार मांडला होता आणि दारात येऊन शिपाई म्हणाला, "गुरुजी, दवाखान्यातल्या नर्सबाई वारल्या." हातातला खडू हातातच राहिला... महिना होत आला, पण ते उदाहरण मी अजून पुरं केलेलं नाही.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात सरकारी दवाखाना म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी सगळा कारभार सुमनबाईंचा. त्यांची एक खोड होती. लहान लेकराला इंजेक्शन द्यायचं तर वजनाप्रमाणे औषध किती लागेल, हे त्या दगडी पाटीवर मांडायच्या. मग पाटी उलटी करून खोलीत जो कोणी शिकलेला असेल त्याच्या हातात द्यायच्या. "पुढचं बगू नका, तुमचं तुमी करा." दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली तरच सुई भरायची. मी त्यांना तोंडावर हसायचो. स्वतःवर एवढासुद्धा भरवसा नाही का, म्हणून विचारायचो. त्या नुसत्या पाटी पुसायच्या.

विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, त्या दिवसांतली गोष्ट. एसटी बंद होती, डॉक्टर परभणीत अडकलेले. शेजारच्या गावात दलित वस्तीतली घरं जाळली होती. सुमनबाई आमच्या गावच्या वस्तीतल्या. चार दिवस कुठं तरी निघून जा, असं त्यांना कितीजणांनी सांगितलं, पण त्या रोज सकाळी पांढरी साडी नेसून दवाखाना उघडायच्या. आम्ही शेतीवाडीवाले तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. अशाच एका दुपारी आमची आठ महिन्यांची अनू तापानं फणफणली आणि तिला झटके सुरू झाले. तिला उराशी धरून मी दवाखान्यात पळत गेलो.

सुमनबाईंनी तिला काट्यावर ठेवलं. सहा पूर्णांक चार किलो. भिंतीवर डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं प्रमाण होतं, दर किलोला ०.०५ मिली. त्यांनी भराभर मांडलं आणि पाटी उलटी करून माझ्यापुढं धरली.

"अहो बाई, लेकराकडं बघा!"

"बगायले म्हणूनच म्हणायले. करा."

माझी तर पाचावर धारण बसली होती. चौसष्ट पंचे तीनशे वीस. नीटनेटकेपणाची सवय, म्हणून शेवटचं शून्य आधीच उडवलं. राहिले बत्तीस. मग उजवीकडून तीन घरं मोजून दशांशचिन्ह दिलं. ०.०३२. पाटी उलटली. त्यांचं उत्तर होतं ०.३२.

"दहापट औषध घालून मारता का पोरीला?" मी ओरडलो. गणिताचा मास्तर मी होतो, पण खरं सांगायचं तर मनात तेवढंच नव्हतं. वस्तीतली बाई मला गणित शिकवणार, हेही होतं. हे लिहिताना आज मान खाली जाते.

त्या चिडल्या नाहीत. अनूला एका कुशीवर धरून त्यांनी विचारलं, "गुरुजी, एका किलोला किती?"

"पाच शतांश."

"मग सहा किलोच्या लेकराला तीन शतांश कसं पुरंल?"

घरं मोजायची आधी, शून्य उडवायचं नंतर. वर्गात हे ओरडून ओरडून मीच सांगायचो.

"चुकलं माझं. द्या आता!"

"पुन्हा मांडा. माझी बी चूक होऊ शकती. जुळल्याबिगर मी सुई भरत न्हाई."

अनूचे ओठ काळे पडायला लागले होते. मी थुंकी लावून पाटी पुसली. तीनशे वीस, तीन घरं, ०.३२०. जुळलं. त्यांनी सुई भरली. पुढची काही मिनिटं कशी गेली ते मला सांगता येत नाही... मग अनूच्या आवळलेल्या मुठी सुटल्या आणि ती रडली. सुमनबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

अनू आता नववीत आहे. इतकी वर्षं ही चूक मी प्रत्येक वर्गाला शिकवली, पण "एका मास्तरने एकदा असं केलं" एवढंच सांगून. मास्तर कोण ते सांगितलं नाही, त्याला सुधारणारी कोण तेही नाही.

दहाव्या दिवशी अनूला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांच्या बहिणीनं पाणी दिलं, मी प्यायलो. खिळ्याला ती पाटी होती. एका बाजूला सुमनबाईंच्या अक्षरातला गुणाकार, दुसरी बाजू कोरी.

"शेजारच्या लेकराच्या औषधाचा हाय," बहीण म्हणाली. "जायच्या दोन दिस आधी मांडला, आन् म्हणली, गुरुजीकडं न्या, दुसरी बाजू ते करतील. आमीच आणली न्हाई. लेकराला जिंतूरला नेलं. तुमच्या दारात कसं यावं, तेच कळंना."

मी औषधाचं प्रमाण आणि वजन विचारून घेतलं. पुढचं न बघता गुणाकार केला, शून्य न उडवता घरं मोजली, आणि पाटी अनूच्या हातात दिली. तिनं ती दोनदा उलटून पाहिली.

"जुळलं, बाबा," ती म्हणाली.