शेवटच्या नळाची तपासणी

नळमावशी नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं पाणी तपासत होती, पण साहेबांच्या खोलीत पडद्यावरच्या बैठकीला तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशीही बोलावलं ते फायली हातात द्यायला. पण विषय तिचाच होता, त्यामुळे स्वारी सकाळपासून हवेत होती. दोनदा चष्मा विसरली, एकदा चपला.

केंद्र सरकार देशभरासाठी पाण्याचा नवा नियम करत होतं. मसुद्यात म्हटलं होतं की शुद्धीकरणाच्या टाकीतून बाहेर पडताना पाणी तपासलं की झालं. बाकीच्या राज्यांचा होकार आलेला; आपल्या राज्याने आज हो म्हटलं की नियम पक्का, आणि तपासणीसाठी राज्याकडून सरसकट मिळणाऱ्या बाटल्या आणि रसायनं यापुढे फक्त टाकीपुरती.

टाकीवर भिस्त ठेवायला मावशी काही दूधखुळी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी टाकीचा अहवाल अगदी चोख होता, आणि तिची लेक काविळीने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. मधला पाइप गटारापाशी फुटलेला. तेव्हा मावशीने नगरसेवकांच्या मागे असा तगादा लावला की त्यांनी कंटाळून ठरावच केला: शहराचे अठरा भाग, दर सोमवारी प्रत्येकातला शेवटचा नळ तपासायचा. नवरा शिंपी. त्याने अठरा कप्प्यांची पिशवी शिवून दिली आणि म्हणाला, "घे, माझी सवत." तेव्हापासून पाच फुटके पाइप तिने कुणी आजारी पडायच्या आत पकडले होते.

बैठक सुरू झाली. पडद्यावर केंद्राचे अधिकारी, राज्याच्या सचिवबाई, आणि कोपऱ्यात सुपारीएवढे आपले साहेब. सचिवबाई म्हणाल्या, "आमच्या राज्यात नळावर तपासणी कुठेच होत नाही. त्यामुळे आमची संमती आहे."

"कुठेच नाही कशी?" मावशी ओरडलीच. "मी दर महिन्याला पाठवते की!"

"मावशी, अहो, बसा," साहेब कुजबुजले. मावशी कसली बसते!

सचिवबाईंनी कागद चाळले. "तुमचा तक्ता माझ्यासमोर आहे. टाकीची एकच ओळ आहे त्यात."

"छापील तक्त्यात ओळच एक आहे. नळ शेऱ्याच्या रकान्यात लिहिते मी."

"शेरा आमच्यापर्यंत येतच नाही. संगणकात त्याला जागा नाही."

अकरा वर्षं मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलेले अठरा नळ राज्याच्या दारातच गळून पडत होते! मावशीला रडावं की भांडावं कळेना. तिने भांडायचं ठरवलं. साहेबांनीच आपली खुर्ची सरकवून तिला कॅमेऱ्यापुढे जागा दिली, हे मात्र त्यांच्या नावावर जमा धरलं पाहिजे.

तिने लेकीची कावीळ सांगितली, पाचही पाइप सांगितले. केंद्राचे अधिकारी कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, पटतंय. पण गावोगावचे नळ मी इथे बसून कसे ठरवणार?"

"ठरवूच नका ना! तुम्ही एवढंच लिहा, शेवटचा नळ तपासा. बाटल्या राज्य देईल. नळ कुठला, ते आम्ही बघू."

सचिवबाईंना हसू फुटलं. "म्हणजे तिघांनाही कामाला लावलंत! ठीक आहे, संमती थांबवते. ही दुरुस्ती राज्याकडून लिहून घ्या."

दोन महिन्यांनी नियम आला, आणि त्यात ते वाक्य होतं. मावशीने ते प्रयोगशाळेत तीनदा मोठ्याने वाचलं, आणि आनंदाच्या भरात साहेबांच्या पाठीत धपाटा घातला.

आठवड्याभरात फोन आला. लांबच्या कुठल्या राज्यातली, तिच्याच कामावरची एक बाई; नंबर केंद्राच्या अधिकाऱ्यांकडून मिळवलेला. "ताई, नियम मिळाला. पण आमच्याकडे पाइपांचा नकाशाच नाही. शेवटचा नळ कुठला, ओळखायचं कसं?"

"सोप्पं आहे गं," मावशी म्हणाली. "सकाळी पाणी सोडलं की गल्लीत उभी राहा आणि विचार, सगळ्यात उशिरा कुणाकडे येतं? रोज तेच घर ताटकळत असतं. आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं."