गारांच्या दुसऱ्या दिवशी

त्या वर्षी थंडी चुकली असं आम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. डिसेंबर संपत आला तरी घराघरात पंखे फिरत होते. मी आरोग्यसेविका. वस्तीत घरोघर फिरायचं, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, गोळ्या द्यायच्या, बाळंतिणींना चार गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. दुपारी घरी परतायचे तेव्हा पाठीला ब्लाउज चिकटलेला असायचा. औरंगपुऱ्याच्या बाजारात स्वेटरवाले रस्त्याच्या कडेला ढीग मांडून बसले होते आणि गिऱ्हाईक नाही म्हणून त्याच ढिगाला टेकून डुलक्या काढत होते. आमच्या गल्लीतल्या आंब्याला भलत्याच वेळी मोहोर फुटला. म्हातारी माणसं म्हणायची, हे काही चांगलं लक्षण नव्हे. मी म्हणायचे, तुम्हाला कुठलंच लक्षण चांगलं वाटत नाही.

मला सगळं कळतं असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. घरात पहिली शिकलेली मी, पहिली नोकरी माझी. वडील गेल्यावर आईनं मला विचारल्याशिवाय भाजीसुद्धा आणली नाही. एवढा मान मिळाला की माणूस नाकानं कांदे सोलायला लागतो. मीही सोलत होते.

त्याच गरम डिसेंबरात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा चितेगावला कंपनीत. मुलगी झाली, वजनाला जरा कमी, पण ठणठणीत रडणारी. आमचं दोन खोल्यांचं सिमेंटचं घर, आतली खोली बाळंतिणीला दिली. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच घरातून सटवाई गेली, पाचवीची पूजा गेली, नवस गेले. पण शेक-शेगडी मात्र गेली नाही. ती देवाची नव्हतीच, ती औषधाची होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचा, बाळंतिणीची कंबर शेकायची, बाळाला ऊब द्यायची. आईनं आपल्या माहेराहून, लासूर स्टेशनकडून, त्यासाठी लोखंडी शेगडी आणली होती. एसटीत मांडीवर घेऊन आली होती ती.

मी शेगडी बघितली आणि हसले.

"आई, बाहेर बघ जरा. घामानं अंग चिकचिकतंय. आणि तू पोरीला भाजून काढणार व्हय?"

"थंडी आली नाय म्हणून काय येणारच नाय व्हय?" आई म्हणाली.

"आली तर बघू. मी वस्तीत बायकांना सांगत फिरते, बाळंतिणीच्या खोलीत धूर करू नका, बाळाच्या छातीला त्रास होतो. आणि माझ्याच घरात धूर? लोक शेण घालतील तोंडात."

आईनं शेगडी उचलून मागच्या मोरीजवळ नेऊन ठेवली. बाळासाठी लोकरीची टोपरी आणि स्वेटर आणायचं ती दोनदा म्हणाली, तेही मीच उडवून लावलं. एवढ्या उकाड्यात लोकर घातली तर पोरीच्या अंगावर पुरळ उठेल, असं मी तिला माझ्या सरकारी आवाजात समजावलं. तो आवाज मला फार चांगला लागायचा.

मुलगी अठरा दिवसांची होती तेव्हा आभाळ फाटलं. दुपारी तीनच्या सुमाराला एकदम अंधारून आलं, वारा सुटला आणि गारा पडायला लागल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्र्यांवर असा आवाज की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. अर्ध्या तासानं थांबलं तेव्हा गल्ली पांढरी झाली होती. भिंतींच्या कडेनं गारांचे ढीग साचले होते आणि लोक मोबाइल घेऊन फोटो काढत होते, काश्मीर झालं म्हणत होते. आंब्याचा मोहोर सगळा खाली. मीही दारात उभी राहून मूठभर गारा उचलल्या, बहिणीला दाखवल्या. तिनं बाळाच्या गालाला एक लावली आणि बाळ दचकलं. आम्ही दोघी हसलो.

संध्याकाळपासून थंडी पडली. अशी की फरशीवर पाय ठेववेना. आमच्या सिमेंटच्या घरात दिवसभर साठलेला उकाडा कुठं गेला कळलं नाही. ढगांनी दुसऱ्या दिवशी सकाळीही ऊन पडू दिलं नाही. बाळाचे हातपाय गार लागत होते. मी ते हातात धरून चोळले. थंडी येणार नाही हे मीच सांगितलं होतं. लोकर नको हेही मीच सांगितलं होतं. आईनं बाळाला भराभर न्हाऊ घातलं, बहिणीचं अंग रगडलं, दोघींना तीन-तीन गोधड्यांखाली घातलं आणि पिशवी उचलली.

"म्या औरंगपुऱ्यात जाऊन येते. टोपरं आन् स्वेटर घेते. तासाभरात येते."

ती मला एक शब्द लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित ती शेगडीबद्दल काही बोलली असती.

आई रिक्षात बसून गेली. बहिणीला डोळा लागला होता. मी त्या दिवशी कामावर उशिरा जाणार होते. मला आपली चूक आईच्या येण्याआधी निस्तरायची होती. मी मोरीजवळची शेगडी उचलली. धूर नको, ही माझी शिकवण पक्की होती, म्हणून गोवऱ्या घेतल्या नाहीत, ओवा टाकला नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून चांगला लोणारी कोळसा आणला, अंगणात पेटवला, लालबुंद झाला तसा शेगडीत भरला आणि बाजेखाली सरकवला. धुराची एक रेघ नाही. मला फार बरं वाटलं. मग खिडकीच्या फटीतून येणारा वारा हाताला लागला. मी जुने पेपर घड्या घालून फटीत कोंबले. दाराच्या खाली चादर दाबली. दार ओढून बाहेरून कडी घातली, कारण ते आपोआप उघडायचं.

अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं म्हणतात ते हेच. शेगडी आईची घेतली, पण आई ती कशी वापरायची ते मी कधी बघितलंच नव्हतं, फक्त त्यावर हसले होते. आई निखाऱ्यावर राखेचा थर चढेपर्यंत शेगडी बाहेर ठेवायची. दार सताड उघडं ठेवून तिथं नुसतं जुनं लुगडं बांधायची. बाळाचा शेक झाला की शेगडी लगेच बाहेर. हे मला नंतर कळलं. तिनं मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. आणि तिच्या माहेरच्या कुडाच्या घरात खोली बंद करायची म्हटलं तरी होत नव्हती.

मी स्वयंपाकघरात खसखशीची खीर करायला घेतली. मध्ये एकदा जाऊन कडी काढली, डोकावले. खोली छान उबदार झाली होती. बहीण गाढ झोपली होती, गाल लालसर दिसत होते. बाळही निवांत. गेले दोन दिवस सारखी किरकिर करणारी पोर एवढी शांत झोपलेली बघून मला माझंच कौतुक वाटलं. उबारा जाऊ नये म्हणून मी दार पटकन लावून घेतलं आणि परत कडी घातली.

हे वाक्य मी आजपर्यंत कुणासमोर उच्चारलेलं नाही.

आई आली ती पिशवी हातात धरूनच आतल्या दाराकडं गेली. "दार का लावलंय?" एवढंच म्हणाली. कडी काढली, आत गेली. तिनं लाथेनं शेगडी बाजेखालून काढली, बाळाला उचलून माझ्या हातात दिलं आणि बहिणीला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं. मी बाळ घेऊन उभी. बाळ मऊ लागत होतं, फार मऊ. समोरच्या घरातला रिक्षावाला धावत आला. "मौसी, पहले बैठो, चप्पल रहने दो," म्हणत त्यानं आम्हाला रिक्षात कोंबलं. रस्त्याच्या कडेला अजून गारा वितळायच्या राहिल्या होत्या.

दवाखान्यात बहिणीला ऑक्सिजन लावला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. बहिणीचा नवरा आणि सासू पोचले. डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, "बंद खोलीत कोळसा कुणी ठेवला?"

निघताना सवयीनं उचललेली कामाची पिशवी माझ्या खांद्याला होती, गळ्यात ओळखपत्र होतं. मी तोंड उघडलं. नक्की उघडलं होतं, एवढं मला आठवतं. पण त्याआधीच आई म्हणाली, "म्या ठेवली शेगडी, सायेब. दार लावून बाजारात गेले. थोरली घरात नव्हती."

सासू आईकडं बघून काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि सगळं ऐकलं. नंतर नळाशी पाणी पिताना मी तिचा हात धरला. मला रडू फुटत होतं. ती म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुझी नौकरी हाय."

"मी सांगते आई. मला नाही सहन होणार."

"ऐक. तिला बहीण लागंल, लई वर्सं लागंल. आई काय, आज हाय, उद्या नाय."

मी गप्प राहिले. आईच्या सांगण्यावरून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगते. खरं हे आहे की ती बोलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या नळाशी, तोंड धुता धुता, मला हायसं वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

बहीण तीन दिवसांत उठून बसली. बाळ पेटीतून बाहेर यायला बरेच दिवस गेले. पुढं चौथा महिना गेला, सहावा गेला, मान धरेना. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली असावी, नक्की सांगता येत नाही. आता ती चार वर्षांची होईल. भिंतीला टेकवून बसवली तर थोडा वेळ बसते. हाक मारली की हसते, पण हाक कुणी मारली तिकडं बघत नाही. तिला पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरकडं नेलं त्या दिवशी बहीण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "ताई, तू घरात असतीस तर हे झालं नसतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून बहीण आईच्या हातात मुलगी देत नाही. तोडून बोलत नाही, जेवायला वाढते, औषध आणून देते. फक्त आई हात पुढं करते तेव्हा मुलीला दुसऱ्या काखेत घेते. आईनं आता हात पुढं करायचं सोडलं आहे. बहीण घरी आली की ती चुलीपाशी नाहीतर अंगणात काम काढून बसते. मी अजून वस्तीत फिरते. आता बायकांना धुराबरोबर कोळशाचंही सांगते, दार उघडं ठेवायचं सांगते. माझं ऐकतात. "ताईला लई माहिती," म्हणतात.

यंदा बहिणीला पुन्हा दिवस गेले. तिच्या सासूचे गुडघे गेलेत, मोठीला सांभाळून बाळंतपण करणं तिला जमणार नाही. दिवस भरत आले तसा बहिणीचा फोन आला. "ताई, मी तुझ्याकडं येते. तुला सगळं कळतं, तू असलीस की मला काळजी नाही. फक्त आई नको घरात. वाईट वाटेल तिला, मला कळतं. पण नको."

मी फोन ठेवला. सांगायची हीच वेळ होती, यापेक्षा चांगली वेळ परत येणार नव्हती. मी आईकडं गेले. "आता मी सांगते," म्हणाले. आई पत्र्याच्या पेटीतून आपली लुगडी काढत होती. तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"भरल्या पोटी तिला असलं कायबी सांगू नको," ती म्हणाली. "मग ती कुणाकडं जायाची?"

दुसऱ्या दिवशी मी तिला लासूर स्टेशनच्या बसमध्ये बसवलं. तिच्या भावाकडं, दोन-तीन महिन्यांसाठी. खिडकीजवळ जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. तिनं सांगितलं, बाळंतशेपा डब्यात भाजून ठेवलाय. बस निघाली तेव्हा ती दुसरीकडं बघत होती.

दुपारी बहीण आली. मोठीला माझ्या मांडीवर दिलं, सगळ्या घरातून एक चक्कर मारली, आईची रिकामी खुंटी बघितली आणि आतल्या खोलीत, त्याच बाजेवर, आडवी झाली.

"बरं झालं ताई," ती म्हणाली. "आता मला इथं निवांत झोप लागेल."

आणि थोड्या वेळात तिला खरंच झोप लागली. मी मुलीला मांडीवर घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. बहीण उठेपर्यंत तिथून हलले नाही.