ड्युटी संपल्यावरचा फोन

कुलूपताईला आमच्या लॉन्ड्रीत खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे आमच्याकडे धुऊन, इस्त्री होऊन स्टोअरमध्ये जातात आणि स्टोअरच्या किल्ल्या असतात तिच्या कमरेला. बाई दिसायच्या आधी ऐकू येते. मी इस्त्रीवर असते, शिवाय युनियनचं बघते, म्हणजे भांडायचं खातं माझ्याकडे. ते मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

तर ही ताई रोज सकाळी पिशवी टेकायच्या आधीच सुरू व्हायची. "काल परत! पहिला घास तोंडात आणि मॅनेजरचा फोन. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी कुठे ठेवल्यात म्हणे! मी जेवायचं की यांच्या चादरी शोधायच्या?" रात्रपाळीसाठी जोडकिल्ल्या मॅनेजरकडे असायच्या, पण काही सापडलं नाही की तो हिलाच फोन लावायचा. एकदा तर अंगाला साबण लावलेला असताना. आम्ही पोट धरून हसायचो, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दिवसभर राबवून घ्यायचं आणि वर घरीही पिच्छा सोडायचा नाही, ही काय रीत झाली?

म्हणून नवा कायदा आला तेव्हा सगळ्यात जास्त मी नाचले. ड्युटी संपली की मालकाने कामासाठी फोन करायचा नाही. केला तर दंड. सभेत मी कुलूपताईला ओढून पुढे उभं केलं. "हिला विचारा, किती वर्षं झाली धड जेवून!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ती किल्ल्यांशी चाळा करत खाली बघत होती. मला वाटलं, लाजली असेल.

मॅनेजरची मात्र पाचावर धारण बसली. त्याने लगेच स्टोअरच्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या. पेंगणाऱ्यालाही सापडेल अशा मोठ्या अक्षरात. फोन बंद झाले, आणि ताईची सकाळची बडबडही बंद झाली.

"सुटलीस ना बाई एकदाची?" मी विचारलं.

"सुटले की," ती म्हणाली आणि टॉवेल मोजायला लागली.

पुढे एकदा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला अडवलं. "तुमच्या त्या किल्लीवाल्या बाईंना सांगा हो, फोन ठणठणीत आहे. रिंग वाजत नाही म्हणून सारख्या घेऊन येतात. समोर वाजवून दाखवतो, तरी पटत नाही." मी हसण्यावारी नेलं. माझं डोकं भांडणात चालतं, बाकीकडे त्याला गंज चढलाय.

मग कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या नाहीशा व्हायला लागल्या. आज पडद्यांची गेली, उद्या उशांच्या अभ्र्यांची. एकदा दवाखान्याची गाडी चादरींसाठी ताटकळली, तेव्हा मॅनेजर भडकला. सगळं खापर त्याने रात्रपाळीवर फोडलं. वर म्हणाला, "हे करणारा सापडू दे, त्याच दिवशी घरी बसवतो." रात्रपाळीची बाजू घ्यायची तर खरं काय ते मला कळायला हवं होतं. म्हणून सुट्टी झाल्यावर मी परत स्टोअरमध्ये गेले. कुलूपताई स्टुलावर उभी राहून नखाने चिठ्ठी खरवडत होती.

"ताई! वेड लागलंय का तुला? नोकरी जाईल! अगं, तुझे फोन बंद व्हावेत म्हणून आम्ही घसा फोडला, आणि तू..."

ती वळलीसुद्धा नाही. पाठमोरीच म्हणाली, "तुझा घसा तुला लखलाभ."

मग हळूच खाली उतरली आणि स्टुलावर बसली. "तू घरी गेलीस की सासू हाक मारते, पोरं ओरडतात, नवरा चहा मागतो. तू वैतागतेस. मला एकच हाक यायची, तीही चादरींसाठी. असेना! 'ताई, तुमच्यावाचून घोडं अडलंय,' असं म्हणायचा मेला. माझा मुलगा परदेशातून फोटो पाठवतो, फोन करत नाही. इथून निघाले की सकाळपर्यंत माझ्या घशातून शब्द निघत नाही गं."

"मग रोज तक्रारी कशाला करायचीस?"

"सकाळी तुम्ही सगळ्या आपापल्या घरचं सांगायचात. मला सांगायला तेवढंच होतं."

मी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, सरळ केली आणि तळहाताने दाबून पुन्हा कप्प्यावर लावली. "आता ही निघता कामा नये," एवढंच म्हटलं. ती मान हलवून गेली. जाताना किल्ल्या मुठीत धरल्या होत्या.

त्या संध्याकाळी भांडी तशीच टाकून मी तिला फोन लावला. पुरती एक रिंगसुद्धा झाली नाही.

"बोला साहेब! काय सापडत नाहीये?" आवाज असा टवटवीत की मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"ताई, मी आहे."

"तू होय." टवटवी उतरली. "काय गं, काही काम?"

"काम नाही. जेवलीस का?"

काम नाही म्हटल्यावर काय बोलायचं ते तिला सुचेना. खरं सांगायचं तर मलाही सुचेना. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण बोललो ते टॉवेल-चादरींचंच. माझ्या मागे पोरांचा धुडगूस चालला होता. तिच्याकडून फक्त नळ टपकत असलेला ऐकू येत होता.

"भाजी लागतेय वाटतं खाली," शेवटी ती म्हणाली.

"बरं, मग ठेवते मी."

"नको, नको! ठेवू नकोस! गॅस बंद करून आलेच."

पावलं दूर गेली. झाकण पडल्याचा आवाज आला. तिकडूनच ती ओरडली, "आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं.

तिला ऐकू गेलं नसावं. तिने परत विचारलं, या वेळी जरा घाबरून, "आहेस ना गं?"