धुक्याचं काम

सिंगापूरला गेल्यावर पहिली दोन वर्षं माझं मराठी आठवड्यातून एकदाच तोंडाबाहेर पडायचं. रविवारी सकाळी फोनकार्डावरचा लांबलचक नंबर दाबून मी नागपूरला आईशी बोलायचे, तेवढंच. एरवी प्रयोगशाळेत इंग्रजी, जेवणाच्या टेबलावर इतर भारतीयांशी हिंदी, आणि घरी काहीच नाही. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये एका म्हाताऱ्या चिनी आंटीच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. आम्ही एकमेकींकडे पाहून हसायचो आणि आपापलं दार लावून घ्यायचो.

सार्सची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या ऑफिसचं प्रशासन सांभाळणारी एक दिल्लीची बाई होती. मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी, सगळ्यांना नावानिशी ओळखणारी. तोवर तिनं मला फक्त नोकरीचा पास रिन्यू करायच्या वेळी ओळखलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी एके दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "शनिवार को फ्री हो? हमारे कॉन्डो में हॅलोविन पार्टी है, बच्चों के लिए. तुम आओ ना."

मी हो म्हटलं. इतकं पटकन की माझं मलाच कसंतरी वाटलं.

"और सुनो," जाता जाता ती म्हणाली, "वो लॅबवाला ड्राय आइस मिलेगा? धुआँ चाहिए, भूतवाला."

आमच्याकडे परदेशातून नमुने यायचे ते थर्माकोलच्या जाड खोक्यांत, ड्राय आइसमध्ये पुरून. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं पाणी होत नाही, सरळ वायूच होतो. कोमट पाण्यात टाकला की पांढरंशुभ्र धुकं उसळतं आणि भांड्याच्या काठावरून ओघळत जमिनीवर पसरतं. नमुने काढून घेतल्यावर उरलेले तुकडे आम्ही तसेच उडून जायला ठेवायचो. मी साहेबांना विचारलं, त्यांनी हसून परवानगी दिली. मी बाईला दोनदा बजावलं, की हे उघड्यावरच करायचं, बंद खोलीत नाही, गॅस साचला तर जीव गुदमरतो. ती म्हणाली, स्विमिंग पूलशेजारी करू.

शनिवारी दुपारी मी कपाटातला चांगला कुर्ता काढला, कानात आईनं दिलेले छोटे झुमके घातले. खोकं मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले आणि खिडकी खाली केली. एसी चालू असताना खिडकी कशाला, म्हणून टॅक्सीवाले काका कुरकुरले. "ह्यातून गॅस निघतो," मी सांगितलं, तर त्यांनी घाईघाईनं चारही काचा खाली केल्या. भर उन्हात गरम वारा तोंडावर घेत मी पार्टीला निघाले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

बाईच्या कॉन्डोवर, त्या उंच इमारतींच्या सोसायटीत, पोचेपर्यंत आभाळ भरून आलं आणि धो धो पाऊस सुरू झाला. पूलशेजारचं सगळं सामान उचलून माणसं फंक्शन रूममध्ये पळत होती. कागदाची वटवाघळं, कापसाची कोळिष्टकं, प्लॅस्टिकच्या कवट्या. दिल्लीच्या बाईनं मला पाहताच, "अरे, हमारी धुआँवाली आ गयी!" अशी आरोळी दिली आणि कोपऱ्यातलं एक टेबल दाखवलं. त्यावर काळं कापड अगदी जमिनीपर्यंत सोडलेलं होतं आणि वर चेटकिणीची म्हणून एक मोठी काळी कढई.

मला कुणी बसा म्हटलं नाही. मी झुमके घालून आले होते आणि मला हातमोजे घालून चिमटा धरायचा होता. मी आले ती पाहुणी म्हणून की सामानाबरोबर, ह्याचा उलगडा तिथे उभ्या उभ्या झाला. वाईट वाटलं, पण कामाला लागले. आधी खोलीचं सरकतं दार पूर्ण उघडलं. बाई लगेच आली.

"यार, एसी निकल जाएगा."

"दरवाजा खुला रखना पडेगा," मी म्हटलं. "ये गॅस नीचे बैठती है. बच्चे छोटे हैं."

"ठीक है, थोडा सा खुला."

पाऊस आत येतो म्हणून कुणीतरी ते थोडंसंही लावून टाकायचं. मी पुन्हा उघडायचे.

धुकं मात्र झकास जमलं. पहिला तुकडा पाण्यात पडला, कढई गुरगुरली आणि पांढरा लोट टेबलावरून खाली कोसळला. मुलं किंचाळली. राक्षस, परी, समुद्री चाचे, सगळे घोट्याएवढ्या धुक्यात नाचायला लागले. आईबाप फोटो काढत होते. कढईमागे उभी असल्यामुळे बहुतेक फोटोंत माझा एक कोपर आला असेल.

तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं. "अगं, चादर पायात येईल, नीट धर."

पांढऱ्या चादरीला डोळ्यांची भोकं पाडून भूत झालेली पाचेक वर्षांची मुलगी आणि तिची आई. मी न राहवून म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"हो! पुण्याच्या. आणि तुम्ही?" त्यांचा चेहरा खुलला. आम्ही कितीतरी बोललो. कोथिंबीर कुठे ताजी मिळते, भाकरीचं पीठ कोण आणतं, मुलगी घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत कशी उत्तर देते. मी नागपूरची आहे हे सांगूनसुद्धा मी जपून पुस्तकी मराठी बोलत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. हसू तसंच होतं, पण पुढचा प्रश्न आला नाही. हातातल्या ज्यूसकडे त्यांनी एकदा पाहिलं, कुणीतरी हाक मारल्यासारखं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "येते हं, जरा बघते तिकडे." कुणी हाक मारली नव्हती.

असं मला नवीन नव्हतं. पण दोन वर्षं मराठीच्या एका वाक्यासाठी तहानलेली असताना ते जरा खोल लागलं. मी बादली घेऊन कोमट पाणी आणायला पॅन्ट्रीत गेले. नळ सोडून तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

परत आले तर कढई टेबलावर नव्हती. दिल्लीच्या बाईनं ती टेबलाखाली सरकवली होती. कापडाखालून धुकं बाहेर सरपटत येताना जास्त भीतिदायक दिसतं, असं तिचं म्हणणं, आणि दिसतही होतं. खोक्यातले उरलेले तुकडेही तिनं एकदमच आत टाकले होते. दार बंद होतं. मी बादली खाली ठेवून दाराकडे निघाले, तेवढ्यात कापडाच्या कडेशी मला पांढऱ्या चादरीचं टोक दिसलं. ते हलत नव्हतं. नुसतं पडलेलं होतं.

मी कापड उचकटून काढलं. टेबलावरच्या कवट्या खणखणत खाली आल्या. आत धुकं गच्च भरलेलं आणि त्यात ती मुलगी, गुडघे पोटाशी घेऊन, कढईला टेकून.

"काय करून राहिली तिथं! निघ, निघ बाहेर, माय माझी!" मी ओरडले. सगळं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं. तिला काखेत धरून ओढलं, उचललं आणि दार लाथेनं सरकवून पावसाच्या कडेला ओसरीत नेलं. चादर फाडून काढली. चेहरा लालबुंद, घामानं निथळलेला. श्वास धापा टाकल्यासारखा, डोळे जड. मी तिला मांडीवर सरळ बसवलं आणि एकसारखी बोलत राहिले, काय बोलत होते ते आठवत नाही.

तिच्या आई धावत आल्या. "काय झालं? काय केलंत तुम्ही तिला?"

"काही नाही, हवा लागू द्या. आत्ता बरं वाटेल तिला."

आमच्या भोवती माणसं जमली. कुणीतरी इंग्रजीत म्हणालं, असल्या केमिकल गोष्टी मुलांच्यात आणायच्याच कशाला. दिल्लीची बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमने बताया नहीं इतना डेंजरस है." भांडायला लागणारी ताकद माझ्यात उरली नव्हती.

मुलगी थोड्या वेळानं सावरली. "मम्मी, माय हेड पेन," ती म्हणाली आणि मग चिडून, शेवटी सिंगापुरी मुलांसारखं 'लाह' लावून, "आय वॉज हायडिंग, लाह!" तिच्या आई रडायला लागल्या. रडता रडता त्यांनी विचारलं, "अजून थोडा वेळ राहिली असती तर?"

मी फाटक्या चादरीनं मुलीचं कपाळ पुसत राहिले. त्यांना कळलं.

मुलीला डॉक्टरकडे दाखवून आणायला तिचे आईवडील निघून गेले. मी कढई धुतली, रिकामं खोकं उचललं आणि बसस्टॉपवर आले. पाऊस थांबला होता. बसमध्ये झुमके काढून पर्समध्ये टाकले. आईला रविवारी सांगितलं, पार्टी छान झाली.

दिवाळीच्या आधी त्या मुलीच्या आईंचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "फराळाला ये," त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं मला लगेच जाणवलं. मी गेले. त्यांनी ताटात चकल्या वाढल्या, मग समोर बसून एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुझं आडनाव विचारून उठून गेले ना?"

"हो, ताई."

"मला लाज वाटते त्याची."

"चकली छान झाली आहे," असं मी म्हटलं. खरंच छान झाली होती.

त्यानंतर रविवारी मी त्यांच्याकडे जायला लागले. मुलगी मला इंग्रजीत गोष्टी सांगायची आणि मी तिला नागपुरी बोलीत उत्तर द्यायचे. ताई हसायच्या. 'करून राहिली' हे त्या घरात मुद्दाम म्हणायचं वाक्य झालं. काही महिने माझं मराठी आठवड्यातून दोनदा बाहेर पडलं. मग त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते लंडनला गेले. जाताना मुलीनं मला तिच्या नव्या शाळेचा फोटो पाठवायचं कबूल केलं. एक ईमेल आला, मग दिवाळीला एक, मग नाही. तसं होतंच. लहान मुलीनं ते सगळं विसरून जावं, हेच चांगलं.

रविवार मोकळे झाले तशी मी पुलाउ उबीन ह्या छोट्या बेटावर सायकल चालवायला जायला लागले. तिथे जाणारी लहान लाकडी बोट पुरेशी माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. धक्क्यावर कुटुंबं असतात, मित्रांचे घोळके असतात. ते सगळे एकत्रच चढतात. मग एखादी जागा उरते. नावाडी धक्क्याकडे बघत हाताचं एक बोट वर करतो आणि ओरडतो, एक, एकटं कुणी आहे का? मी हात वर करून पुढे व्हायचे.